कोयता दोघांचा, मजुरी कुणाच्या नावावर?

बालाघाटची_लेक

नमस्कार. बरीच वर्षं इथं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझं माहेर बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. दसरा-दिवाळी झाली की आमच्या गावातून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून निघतात. गावात म्हातारी माणसं राहतात आणि शाळेसाठी मागं ठेवलेली पोरं. मी त्या पोरांतली. आजीजवळ राहून शिकले, आता नोकरी करते. आईबापांनी बावीस हंगाम ऊस तोडला. कधी सांगली, कधी कोल्हापूर, दोन वर्षं कर्नाटकात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम, म्हणजे मजूर जमवणारा ठेकेदार, उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) देतो ती कोयत्याला, हिशेब होतो तोही कोयत्याचा. टोळीत बारा कोयते म्हणजे चोवीस माणसं, पण मुकादमाच्या वहीत नावं बाराच आणि बाराही पुरुषांची. माणूस एकटाच आला तर तो 'अर्धा कोयता'. म्हणजे माझी आई बावीस वर्षं बापाच्या नावातला दुसरा अर्धा होती. पहाटे तीनला उठून भाकरी थापायची, मग फडात. दोघंही तोडायचे, पण मोळ्या बांधणं तिच्याकडं, आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणंही. कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवर, परत आल्यावर बाप आडवा व्हायचा आणि ती पाण्याला जायची.

त्या बावीस वर्षांत तिच्या हातात स्वतःचे म्हणावेत असे पैसे आले ते फक्त वाढ्यांचे. उसाचे शेंडे जनावरांसाठी विकायचे, त्यावर तेल-मीठ-मिरची चालायची.

ऑगस्ट २०२४ मध्ये लाडक्या बहिणीचे पहिले दोन हप्ते एकदम जमा झाले, ३००० रुपये. आईनं बँकेतूनच फोन केला. म्हणाली, "माझ्या नावापुढं पैसे हायेत गं." त्या पैशातून तिनं चष्मा केला. चार वर्षं ती बापाला चष्म्याचं सांगत होती. बाप वाईट नाही, हे आधीच सांगते. त्याला प्रत्येक वेळी त्याहून निकडीचं काहीतरी असायचंच.

तेव्हापासून दोन प्रश्न डोक्यात आहेत. मजुरी वाढवून घेण्यापेक्षा घरातल्या बाईच्या खात्यात थेट पैसे जमा होणं जास्त उपयोगाचं आहे का? आणि कोयत्याचा हिशेब नवरा-बायकोचा वेगवेगळा का होऊ शकत नाही? कुठला पक्ष बरोबर यात मला जायचं नाही. ज्यांनी मजुरी दिलीय, घेतलीय किंवा वाटलीय त्यांनी लिहावं.

शब्दकळा

चष्म्याशी थांबले. पुढचं वाचायला वेळ लागला. वाचतेय.

पंचगंगाकाठ

ताई, मी ऊस लावणारा माणूस, शिरोळ तालुक्यातला. तुमच्या आईबापांनी आमच्याकडं पण तोड केली असंल कदाचित. माझी बाजू मांडतो, राग मानू नका.

दर टनाला ठरतो तो कारखाना देतो खरा, पण जातो आमच्याच ऊसबिलातनं. तोडणी-वाहतूक वजा करूनच एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, हातात पडतो. वर तोडीची पाळी लागेना म्हणून टोळीला खुशाली द्यायची, ट्रॅक्टरवाल्याला एंट्री द्यायची. गेल्या हंगामात मी एकरी तीन हजार वरचे मोजले. ते तुमच्या आईला पोचले का मुकादमाच्या खिशात गेले, मला ठाऊक नाही.

दुसरं, लाडकी बहीण सुरू झाल्यापासनं खुरपणीला बायका मिळेनात. ३०० रुपयं हजेरी होती, ती आता ४०० झाली, तरी अकरा वाजता येत्यात. सरकारनं घरबसल्या पैसं द्यायचं आणि शेतकऱ्यानं मजूर शोधत हिंडायचं, हे कुठलं धोरण?

मोजमाप

@पंचगंगाकाठ, तुमची अडचण खरी आहे, पण तुमच्याच वाक्यात दुसरी गोष्ट दडली आहे. महिन्याला १५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये. पन्नास रुपयांसाठी कुणी ४०० ची हजेरी सोडत नाही. मात्र आठवड्याचं मीठ-तेल घरात असेल तर ३०० ला नको म्हणण्याचं बळ येतं. शंभर रुपये वाढले ते त्या 'नको'मुळे. ही सरकारी मदत त्या बाईच्या मजुरीतही उतरली, असं का नाही म्हणायचं?

पंचगंगाकाठ

म्हणा की. पण ते शंभर रुपयं माझ्या खिशातनं गेलं, एवढं पण लिवा.

मोजमाप

लिहितो. शेतमालाला भाव नसताना ते तुमच्याच खिशातून गेले, हे मान्य.

जुना_हजेरीपट

मी निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली. १९७३ च्या सुरुवातीला नगर जिल्ह्यात एका पाझर तलावाच्या कामावर हजेरी कारकून म्हणून लागलो, वय एकोणीस. धागाकर्तीचा दुसरा प्रश्न वाचला आणि तो हजेरीपट डोळ्यांसमोर आला.

रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची. ते विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ मध्ये त्यांच्या विसापूरला, तासगाव तालुक्यात, तिचा पहिला प्रयोग झाला. ७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. आणि पैसा कुठून आला, हे आजच्या पगारदारांना माहीत नसतं. तुमच्या पगारातून व्यवसाय कर कापतात ना, तो १९७५ मध्ये याच योजनेसाठी लावला. शहरातल्या पगारदाराचे पैसे खेड्यातल्या खडी फोडणाऱ्या बाईपर्यंत नेणारी ती वाट होती.

आता मुद्दा. आमच्या कामावर मातीचं मोजमाप गटाचं व्हायचं. चौक खणायचा, लांबी-रुंदी-खोली मोजायची, घनमीटरवर पैसे. पण पैसे वाटताना हजेरीपटावर प्रत्येकाचं नाव वेगळं. नवरा वेगळा, बायको वेगळी, सासू वेगळी. ज्याचा अंगठा त्याच्या हातात पैसे. पहिल्या पगाराला एक गृहस्थ म्हणाले, "तिचे पण माझ्याकडंच द्या." आमचे ओव्हरसियर म्हणाले, "तिचा अंगठा तुम्हाला आहे का?" सगळी रांग हसली, ती बाईसुद्धा. पण पैसे तिलाच दिले. कामावर निम्म्याहून जास्त बायकाच होत्या आणि दर पुरुषाला तोच बाईला.

म्हणून 'हिशेब वेगळा होऊ शकत नाही' हे मला पटत नाही. काम गटानं मोजूनही नावं वेगळी लिहिता येतात. आम्ही कंदिलाच्या उजेडात लिहिली आहेत.

भोरघाट

काका, ७२ चं अजून लिहा. माझी आजी मिलोच्या भाकरीचं फार सांगायची.

जुना_हजेरीपट

अवांतर होतंय, पण सांगतो. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. भाकरी थापताना चिरायची, खाताना घशात अडकायची. कामावर पोरांना सुकडी मिळायची. एका पोरानं ती रात्रीसाठी सदऱ्याच्या खिशात भरून ठेवली आणि झोपेत मुंग्यांनी खाल्ला बिचारा. दुसऱ्या दिवशी पुन्हा खिसा भरलेला. घरी लहान बहीण होती त्याला.

मुकादमाचा_पोर

मी इथं लिहावं की नाही याचा दोन दिवस विचार केला. वडील मुकादम, आता टोळी मीच बघतो. चौदा कोयते आहेत.

मुकादम म्हणजे रक्त पिणारा, असंच सगळीकडं लिहिलेलं असतं. तसे आहेतही, नाही म्हणत नाही. पण कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून आलेली उचल आम्ही आमच्या सहीवर उचलतो. दोन वर्षांपूर्वी आमचे तीन कोयते उचल घेऊन दुसऱ्याच कारखान्याला गेले. ते पैसे वडिलांच्या अंगावर बसले, आणि माझ्या बहिणीचं लग्न एक वर्ष पुढं गेलं.

आता ताईंच्या प्रश्नाचं. उचल देताना नोटरी होते, बाँडवर. सही पुरुषाची. हिशेब वेगळा करायचा म्हणजे बाईची सही आली. सही आली की उचल तिच्याही अंगावर आली. आज नवरा मेला किंवा दारूपायी पळून गेला तर निदान कागदावर ती मोकळी असते. प्रत्यक्षात तिच्याकडून वसूल करणारे आहेत, मला माहीत आहे. पण कागद तिच्या बाजूनं असतो. वेगळं नाव लावलंत तर तोही जाईल. याचा विचार कुणी केलाय का?

शब्दकळा

हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. लिहिलंत ते बरं झालं.

बालाघाटची_लेक

@मुकादमाचा_पोर, दादा, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. मला याचं उत्तर सुचत नाहीये. आईलाच विचारते.

@जुना_हजेरीपट, काका, तो ओव्हरसियरांचा प्रश्न मी वहीत लिहून ठेवलाय.

मांडवीतीर

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडं हे सगळं आधी होऊन गेलंय. गृह आधार योजना २०१२ ची, पर्रीकर मुख्यमंत्री असतानाची. महागाईला आधार म्हणून गृहिणीच्या खात्यात महिन्याला पैसे. हजारापासून सुरुवात झाली, वाढत १५०० झाले, आणि मग कित्येक वर्षं तिथंच.

माझ्या आईला मिळतात. तिनं त्यातून पोस्टात आवर्ती खातं काढलं, त्याचं तिला कौतुक आहे आणि मलाही. पण मासळीचा वाटा त्याच वर्षांत कुठल्या कुठं गेला. हप्ता सुरू करणं सोपं असतं, तो महागाईबरोबर वाढवायचं कुणाला आठवत नाही. मजुरीचं निदान असं असतं की मजूर एकत्र आले तर अडून बसतात. १५०० मिळणाऱ्या बायकांनी कुणापुढं अडून बसायचं?

सिंहगडरोड

पुण्यात आमच्याकडं धुणं-भांड्याला येणाऱ्या मावशी चार घरी जातात. दर वर्षी दिवाळीला मी महिन्यामागं शंभर वाढवते आणि मला बरं वाटतं. हा धागा वाचून काल हिशेब केला. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या महिन्याच्या पैशात माझ्याकडच्या गॅसचे जितके सिलिंडर आले असते, त्यापेक्षा आज कमी येतात. म्हणजे मी वाढवत होते ते प्रत्यक्षात कमी होत होतं. आणि त्यांना सुट्टीचे पैसे कापणारी माणसं आमच्याच सोसायटीत आहेत.

भोरघाट

मग आता काय ठरवलंत?

सिंहगडरोड

या महिन्यापासून पाचशे वाढवले आणि महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं तर दोघींनी मला वेगळा मेसेज केला की तुम्ही दर बिघडवताय.

आरोग्यसेविका

सुट्टीचा विषय निघाला म्हणून लिहिते. ऊसतोडीत सुट्टी नसते, खाडा असतो. एक दिवस कामाला नाही गेलं की खाडा, त्याचे पैसे कापले जातात. मी ज्या बायकांना ओळखते त्यांच्या टोळीत दिवसाला ५०० होते. कोयता जोडीचा असल्यामुळं बाईची पाळी असो, ताप असो, ती बसली की दोघांचा दिवस बुडतो. मग ती बसत नाही.

२०१९ मध्ये गर्भाशयाच्या पिशवीचा विषय गाजला तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. बातमी छापून आली तेव्हा लोक डॉक्टरांना शिव्या देऊन मोकळे झाले. डॉक्टरांचा दोष होताच. पण मी ज्या घरांत गेले तिथं बायका मला सरळ सांगायच्या, "पिशवी गेली की खाड्याची कटकट नाही." मजुरी मोजायची पद्धत थेट शरीरापर्यंत पोचते ती अशी. टनाला दर किती, यावर दर काही वर्षांनी संप होतो. खाडा बंद करा, ही मागणी पहिल्या नंबरला मी कधी पाहिली नाही. ती असायला पाहिजे.

शब्दकळा

समान वेतनाचा नियम १९७६ च्या कायद्यापासून आहे ना? तो इथं लागत नाही का?

मोजमाप

दर बाईचा वेगळा असेल तर कायदा म्हणेल, कमी का? इथं बाईचा दरच नाही. जोडीचा दर आहे. जिचं नावच वहीत नाही तिला कमी दिलं हे सिद्ध कसं करायचं?

गिरणगाव८२

वडील लोअर परळच्या गिरणीत साचे खात्यात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा. अडीच लाख कामगार बाहेर. पगाराच्या दिवसाचं आमच्या चाळीत वेगळंच वातावरण असायचं. त्या दिवशी बायका गेटवर जाऊन उभ्या राहायच्या, कारण पगार घरी पोचायच्या आधी वाटेत त्याला पाय फुटायचे. माझी आई कधी गेली नाही, शेजारच्या काकू जायच्या.

संपात वडिलांचा पगार बंद झाला आणि घर कुणी चालवलं? आईनं. ती आधीपासून सहा माणसांचा डबा करायची, कोकणातून आलेल्या एकट्या कामगारांची खाणावळ. तिच्या त्या कामाला आमच्या घरात कुणी 'काम' म्हणत नव्हतं. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते अशाच खाणावळवाल्या बायकांसाठी, बँकेचं कर्ज त्यांच्या नावावर मिळावं म्हणून. आईच्या मैत्रिणीला मिळालं होतं. आई गेली नाही, वडिलांना विचारायला लाजली. संपात तिचे खाणारेच गावी गेले आणि डबेही बंद पडले, तेव्हा तिनं मंगळसूत्रातले मणी मोडले. हे तिनं मला वडील गेल्यावर सांगितलं.

धागाकर्तीनं 'मजुरी की खात्यात पैसे' असं विचारलंय. आमच्या घरानं मजुरी बुडालेली पाहिली. मजुरी बुडाली की दुसरं काहीही पुरत नाही. पण आईच्या नावावर तेव्हा थोडे जरी पैसे असते तर ते मणी राहिले असते.

भोरघाट

❤️

थेम्सकाठी

लंडनहून. इथं मुलांसाठी दर महिन्याला सरकारी भत्ता येतो, मी स्वतः घेते. तो सहसा आईच्या खात्यात जातो याचं मला आधी काहीच वाटायचं नाही, नंतर त्याचा इतिहास वाचला.

एलिनॉर रॅथबोन नावाच्या खासदार बाई पाव शतक यासाठी झगडत होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं, पुरुषाची मजुरी ठरवताना त्याला पोरं किती हे कुणी बघत नाही, मग पोरांचं पोट त्या मजुरीवर कसं सोडायचं? १९४५ मध्ये कायदा आला, पण मूळ मसुद्यात पैसे बापाला द्यायचे होते! त्या बिथरल्या, आपण इतकी वर्षं जे मागितलं त्याच्याच विरोधात मत देईन म्हणाल्या. शेवटी संसदेनं ते बदलून आईच्या हातात द्यायचं ठरवलं. दुसऱ्या मुलापासून पुढं, दर आठवड्याला पाच शिलिंग. ऑगस्ट १९४६ मध्ये पहिले पैसे वाटले तेव्हा रॅथबोन हयात नव्हत्या, त्याच वर्षी जानेवारीत गेल्या.

लक्षात घ्या, इथल्या काही कामगार संघटना सुरुवातीला याच्या विरोधात होत्या. त्यांना भीती होती की सरकार पोरांचे पैसे देतंय म्हटल्यावर मालक मजुरी वाढवणार नाही. मांडवीतीर यांच्या शंकेशी नातं सांगणारी ही भीती, शंभर वर्षांपूर्वीची.

मांडवीतीर

मग ती भीती खरी ठरली का?

थेम्सकाठी

संघटना मजबूत होत्या तोवर मजुरीही वाढत राहिली. पुढं संघटना खिळखिळ्या झाल्या आणि मजुरी रखडली. त्याला भत्ता कारण होता असं मला वाटत नाही.

मोजमाप

आता एक हिशेब मांडतो. काल रात्री केला आणि झोप लागली नाही.

तोडणीचा दर २०२० च्या करारात १४ टक्के वाढून टनाला २७३ रुपये १० पैसे झाला होता. जानेवारी २०२४ मध्ये पुढचा करार झाला, ३४ टक्के वाढ, दर साधारण ३६६. म्हणजे टनामागं सुमारे ९३ रुपये वाढले. हंगाम आता आखडलाय, शंभर दिवस धरा. एका कोयत्यानं दिवसाला दोन टन तोडले तर हंगामात दोनशे टन. दोनशे टनांवर वाढीव मजुरी किती? साधारण १८,६००.

लाडकी बहीण वर्षाला किती? १८,०००.

एकाच वर्षात, एकाच घरात, जवळपास तेवढीच रक्कम दोन वाटांनी आली. एक करारातून, संप करून, भांडून मिळालेली. दुसरी खात्यात. पहिली उचल फेडण्यात गेली आणि दिसलीसुद्धा नाही. दुसरीतून चष्मा झाला.

आणि हेही बघा. एक लाख उचल असेल तर ३६६ च्या दरानं ती फिटायला २७३ टन तोडावे लागतात. दोनशे टन तोडून ७३,२०० झाले, म्हणजे जवळपास २७ हजार अंगावर राहिलेच. ३४ टक्के वाढीनंतर!

पंचगंगाकाठ

हे मी कधी असं मांडून बघितलंच नव्हतं. दोघांचं मिळून दिवसाला ७३२. म्हणजे माणशी ३६६, पहाटेपासनं अंधार पडंस्तवर. माझ्या खुरपणीच्या बायका अकरा ते पाच ४०० घेत्यात, त्यावर मी तक्रार करत होतो.

शब्दकळा

मोठ्या मनाचे आहात, दादा.

नदीपार

माफ करा, पण सगळे लाडकी बहीणचं गोड बोलताय. माझ्या जावेला आता ५०० च येतात, कारण तिच्या नावावर जमीन आहे आणि पीएम किसान आणि नमो शेतकरीचे मिळून महिन्याला हजार मिळतात. म्हणजे जिच्या नावावर जमीन लावली तिचंच कमी झालं. निवडणुकीच्या वेळी २१०० म्हणाले होते. हप्ता कधी येणार हे दर महिन्याला मोबाइलमध्ये बघत बसायचं, मध्येच केवायसी करा. मजुरीसाठी हात पसरावे लागत नाहीत. घामाचे पैसे ते घामाचे.

आरोग्यसेविका

@नदीपार, हप्त्याच्या भरवशाचं बरोबर आहे. पण 'मजुरीसाठी हात पसरावे लागत नाहीत' हे बाईच्या बाबतीत खरं नाही हो. या धाग्यातली आई चार वर्षं स्वतःच्याच घामाच्या पैशांतून चष्मा मागत होती.

नदीपार

हं. हे मान्य करायला लागेल.

जुना_हजेरीपट

मोजमाप यांचा हिशेब मी कागदावर पुन्हा करून पाहिला. बरोबर आहे. यात एक भर. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर झाली, संत भगवानबाबांच्या नावानं, २०२१ मध्ये. महामंडळ झालं, टनामागं दहा रुपये त्यासाठी घ्यायचं ठरलं. कुटुंबासाठीचं धोरण म्हणाल तर माझ्या मते हेच खरं. पोर मागं सुरक्षित राहिलं तर बाईचा जीव फडात टांगणीला लागत नाही. ही वसतिगृहं सगळीकडं स्वतःच्या इमारतीत, भरलेली, चालती झाली तर १५०० पेक्षा मोठं काम होईल.

बालाघाटची_लेक

उशीर झाला, माफ करा. आईशी बोलले. स्पीकरवर वहिनी पण होती. ती आणि भाऊ याच आठवड्यात निघतायत.

काका, वसतिगृहाचं आईला आधी सांगितलं. ती म्हणाली, तू आजीपाशी होतीस तरी रोज संध्याकाळी माझं तोंड तुझ्याकडं असायचं. बावीस वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलली.

मोजमाप दादांचा हिशेब वाचून दाखवला. बापानं पण ऐकला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "वाढ झाली हे मला बी कधी हाताला लागलं नाही." हे मी आधी लक्षात घेतलं नव्हतं. पैसे त्याच्या नावावर होते, हातात त्याच्याही नव्हते.

मग मुकादम दादांचा प्रश्न विचारला. नाव लागलं तर उचल पण अंगावर येईल, मग? आई लगेच म्हणाली, "नोटरीवर नको. चिठ्ठीवर पाहिजे." मला आधी कळलं नाही. तिचं म्हणणं असं: उचल ज्यानं घेतली त्याच्या अंगावर राहू दे, ती बाईला कुणी विचारून घेत नाही. पण रोज गाडी भरल्यावर वजनाची चिठ्ठी येते, ती कोयत्याच्या नावानं लिहितात. त्या चिठ्ठीवर दोन नावं लिहा. आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, हिशेब होतो तेव्हा बायकांना पण बसवा. "आमाला हिशेब कधी सांगितलाच नाही. कोपीत बसून ऐकायचो, बाहेर काय चाललंय ते."

गेल्या वर्षी ग्रामसेवकानं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र केलं, त्यावर तिचं एकटीचं नाव आहे. आता ती जाणार नाही, गुडघे गेलेत. तरी ते पासबुकात घालून ठेवलंय.

वहिनीनं यंदा चौरेघी वही घेतलीय. माझ्या भाच्याची, अर्धी कोरी. रोजचे टन ती लिहिणार म्हणते. तिचं शिक्षण आठवीपर्यंत झालंय.

आरोग्यसेविका

वहिनींना सांगा, शेवटच्या पानावर खाड्यांचा वेगळा रकाना ठेवा. कुठल्या दिवशी, कशामुळं, किती कापले. पुढच्या करारात कुणी मागणी केली तर दाखवायला कागद लागतो.

बालाघाटची_लेक

आत्ताच फोन करून सांगितलं. आखलाय तिनं.

गिरणगाव८२

ताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

मुकादमाचा_पोर

आईंचं म्हणणं वडिलांना वाचून दाखवलं. चिठ्ठीवर दोन नावं लिहायला काही खर्च नाही. चौदा कोयत्यांच्या चिठ्ठ्या मीच लिहितो, यंदा अठ्ठावीस नावं लिहीन. नोटरीला हात लावणार नाही. हिशेबाला बायकांना बसवायचं म्हटल्यावर वडील म्हणाले, भांडणं होतील.

जुना_हजेरीपट

आमच्याकडं पण पहिल्या पगाराला झाली होती. दुसऱ्याला कमी. तिसऱ्याला कुणी विचारलं नाही.

मोजमाप

@मुकादमाचा_पोर, आणि पैसे? उचल फिटल्यावर काही उरलं तर ते दोन खात्यांत टाकणार का?

मुकादमाचा_पोर

ते अजून वडिलांशी बोलायचंय. आमच्या घरात पण खातं एकच आहे.

बालाघाटची_लेक

दादा, बोला. पट्टा पडायच्या आधी.